अक्कलदाढेचं उघडं टोक

न्यायवैद्यक विभागात तिला सगळे दाढबाई म्हणत आणि तिला ते चाले. ज्यांच्याकडे जन्माचा दाखला नाही, त्यांच्या जबड्याचा एक्स-रे पाहून वयाचा अंदाज द्यायचा, हे तिचं काम. सासूबाई म्हणत, घोड्याचे दात बघून वय सांगतात हे ऐकून होते, माणसांचं तुझ्याकडूनच कळलं; माझ्या कवळीपासून तेवढी लांब राहा.

तिची एक रीत होती. आधी फिल्म बघायची, फाइल मागाहून उघडायची. गुन्हा वाचला की पोराच्या दाढेचं मूळसुद्धा थोराचं दिसायला लागतं, असं ती म्हणे. सहकारी हसत, ती बधत नसे.

त्या दिवशीही तिने आधी फिल्मच उजेडावर लावली. खालच्या अक्कलदाढा वर आलेल्या होत्या. पण त्यांच्या पुढच्या दाढा जागेवर नव्हत्या. कधीतरी किडल्या म्हणून उपटलेल्या असणार. पुढची जागा रिकामी झाली की मागची दाढ घाईने वर येते. मुळांची टोकं मात्र अजून नरसाळ्यासारखी उघडी होती; वाढ पुरी झाली की ती मिटतात, आणि ते बहुधा अठराच्या पुढेच.

मग फाइल. शिलाईच्या कारखान्यातली मुलगी. मुकादमाने खोलीत कोंडलं, तेव्हा तिने त्याच्यावर कात्री चालवली. ती स्वतःला सोळाची म्हणत होती, पण कागद एकही नाही. आधीच्या अहवालात ‘अठरा पूर्ण’ लिहिलेलं, तेही नुसतं तोंडात डोकावून, अक्कलदाढ दिसली एवढ्यावरून. तो अहवाल टिकला तर मुलगी मोठ्यांच्या तुरुंगात जाणार होती. वकिलाने हट्ट धरला म्हणून हा एक्स-रे निघाला. आणि त्या पहिल्या अहवालाखाली सही होती खुद्द विभागप्रमुखांची.

त्यांनी तिला बोलावून चहा पाजला. विभाग तोंडघशी पडेल, तुमची बढती दाराशी आली आहे, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, असं बरंच गोड बोलून झालं. शेवटी म्हणाले, निदान मधला एखादा आकडा तरी टाका.

“सर, दाढ वर आली हे खरं आणि मूळ मिटलं नाही हेही खरं. मी दोन्ही लिहिणार. मधलं काही लिहिणार नाही.”

घरी नवरा म्हणाला, एवढं ताणू नकोस. तिने त्याला फिल्म दाखवली, टोकावर बोट ठेवलं आणि हे तू मिटवून दाखव म्हणाली. तो जेवायला बसला.

कोर्टात सरकारी वकिलाने तिला चांगलंच पिंजलं. “इतकं शिकलात, आणि एक आकडा सांगता येत नाही?”

“शिकले म्हणूनच सांगत नाही. पंधरा ते एकोणीस, यातलं काहीही असू शकतं. अठरा पूर्ण झाली, असं ही दाढ म्हणत नाही, आणि मीही म्हणणार नाही.”

मागच्या बाकावर बसलेले विभागप्रमुख चष्मा पुसत राहिले. न्यायाधीशांनी संशयाचा फायदा मुलीला दिला आणि खटला बाल न्याय मंडळाकडे पाठवला.

बाहेर व्हरांड्यात शिपायाबरोबर उभी असलेली मुलगी तिला बघून पुढे सरकली. “बाई, मग मी नक्की केवढी?”

“ते मला सांगता येत नाही,” ती म्हणाली. “पण कुणी तुला मोठी म्हणालं, तर त्याला म्हणावं, आधी सिद्ध कर.”