पान पाच, पान सहा

दुपारपासून कात्रीमामा चार वेळा खिडकी उघडायला उठले आणि चारही वेळा न उघडताच परत येऊन बसले. हातात कात्री, समोर आजचा अंक, आणि एकही बातमी सरळ कापली जात नव्हती. वर्तमानपत्राच्या संग्रहखोलीत तीस वर्षं काढलेल्या माणसाची कात्री अशी वाकडी जाते म्हणजे कारणही तसंच असणार. कारण टेबलापलीकडे बसलं होतं आणि नखं खात होतं.

ती त्यांच्याच दैनिकातली वार्ताहर. चार दिवसांपूर्वी तिने लिहिलं होतं की नदीकाठची वसाहत उठवायला निघालेल्या मंत्र्यांनीच पहिल्या निवडणुकीत, मतदानाच्या दिवशी, त्या वसाहतीत उभं राहून शब्द दिला होता : ‘मी जिवंत असेपर्यंत इथलं एकही घर हलणार नाही.’ मंत्र्यांनी कानांवर हात ठेवले. आपण असं कधी बोललोच नाही, म्हणाले. वर वकिलाची नोटीस आली : उद्या बारापर्यंत मूळ अंक दाखवा, नाहीतर पहिल्या पानावर माफी छापा. आणि माफी छापावी लागली तर तू घरी बस, असं संपादकांनी तिला स्वच्छ सांगितलं होतं.

तिचा सगळा आधार म्हणजे मामांच्या हातचं एक सूचीकार्ड. त्यावर तारीख होती, पान पाच असं लिहिलेलं होतं आणि ते वाक्य होतं. कात्रण मात्र मंत्र्यांच्या नावाच्या पाकिटात नव्हतं. गौरवग्रंथासाठी म्हणून मंत्र्यांची माणसं एकदा ते पाकीट घेऊन गेली होती, आणि परत आलं तेव्हा मोठ्या आजारातून उठल्यासारखं रोडावलं होतं.

“पण मामा, बांधलेली फाइल आहे ना? तिला कोणी हात लावत नाही, तुम्हीच सांगता,” ती म्हणाली.

सांगत होते खरे. रोज दोन अंक यायचे, एक कापायचा आणि एक बांधायचा. बांधलेल्या अंकाला कात्री लावणारा माणूस मामांच्या लेखी दरोडेखोर. खोलीत नवा माणूस आला की त्याला हा नियम आधी ऐकवायचे, बसा मागाहून म्हणायचे.

तिने फाइल ओढली, धूळ झटकली आणि पान पाच उघडलं. पानाच्या मधोमध वहीच्या कागदाएवढं भोक होतं. त्यातून पान सातवरची साबणाची जाहिरात हसत होती.

संगणकावरची प्रत याच फाइलवरून घेतलेली, म्हणजे भोकासकट. सार्वजनिक वाचनालयाने आपले जुने अंक केव्हाच रद्दीत घातले होते.

“कोणी कापलं असेल हो?” तिने भोकात बोट घालून विचारलं.

“बघतो,” मामा म्हणाले.

बघायचं डोंबल. ते त्यांनीच कापलं होतं.

नोकरीचं ते पहिलं वर्ष. पान सहावर मतदारांच्या रांगेचा फोटो आला होता आणि रांगेत पहिला उभा होता त्यांचा बाप, इस्त्रीचा सदरा घालून, कपाळाला आठ्या घालून. चार महिन्यांनी बाप गेला. घरात त्याचा दुसरा फोटो नव्हता. फोटोग्राफरने फिल्म टाकून दिली होती. कापायच्या अंकातला तो तुकडा पाठच्या बातमीसाठी आधीच कापून, खळ लावून, मंत्र्यांच्या पाकिटातल्या कागदावर डकवून झाला होता. उरली फाइल. मामांनी दार लावून घेतलं आणि पहिली आणि शेवटची चोरी केली.

आता तुम्ही म्हणाल, एका भोकाचं एवढं काय? पण मामा त्या खोलीत नुसते कापत नव्हते, वाचतही होते. ज्याने पूल नको म्हणून उपोषण केलं त्यानेच पुलाची फीत कापली, ही दोन्ही कात्रणं एका पाकिटात एकमेकांना खेटून बसलेली त्यांनी पाहिली होती. माणसं तीन तीन पक्ष बदलायची, पाकीट तेच राहायचं. ‘चौकशी होईल’ ही ओळ तर इतक्यांदा कापली होती की ती दिसली की त्यांना जांभई यायची. बाहेर कोणी कितीही शब्द फिरवोत, आपल्या खोलीत ते जिथल्या तिथे सापडतात, एवढाच त्यांचा अभिमान होता. आणि नेमक्या हव्या त्या शब्दाच्या जागी साबण.

घरी आल्यावर त्यांनी चपलाही काढल्या नाहीत. सरळ खुर्चीवर चढून भिंतीवरचा बापाचा फोटो उतरवायला लागले.

“घड्याळ बंद पडलंय ते काढायचं सोडून ह्यांना कुठे उतरवतोस?” चौऱ्यांशी वर्षांची आई पलंगावरून म्हणाली.

मामांनी सगळं सांगितलं. चोरीचंही. आई ऐकता ऐकता हसायलाच लागली.

“म्हणजे तो मेला ह्यांच्या पाठीमागे होता होय इतकी वर्षं? अरे, ह्यांनी त्यालाच मत दिलं होतं!” मग हसू ओसरलं. “त्या पोरीची नोकरी जाईल?”

“जाईल.”

“आणि खरं सांगितलंस तर तुझी?”

“तीही जाईल बहुतेक.”

“आणि हा फाटला तर?”

फोटो हातात घेऊन मामा खुर्चीवरून उतरले. ते खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले.

“बस रे एका जागी, मला गरगरतंय.”

“उद्या संध्याकाळी परत आणून लावतो, आई. शब्द देतो.”

“कोमट पाणी आण,” आई म्हणाली. “खळ मी शिजवली होती. कशी सुटते ते मला ठाऊक आहे.”

परातीत पाणी घालून तिने पुठ्ठ्यासकट फोटो भिजत ठेवला. अर्धा तास मामा उठबस करत होते आणि ती हलली नाही. मग बोटाच्या पेराने कडा उचलत उचलत तिने कागद सोडवला. बापाचा एक कान पुठ्ठ्याला चिकटून राहिला. चेहरा आला. आईने तो कान पाहिला आणि ओला कागद पंच्यावर उलटा पसरला. पाठीवरची शाई फिकी होती, पण वाक्य जसंच्या तसं होतं. मामांना आनंद व्हायला हवा होता. पण असल्या शब्दासाठी बापाचा कान गेला, याचा त्यांना भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी मंत्र्यांच्या वकिलांनी तो तुकडा दोन बोटांत धरला आणि खाली ठेवला.

“हा याच अंकातला कशावरून? हल्ली घरबसल्या काय हवं ते छापून मिळतं.”

संपादकांनी वार्ताहर मुलीकडे पाहिलं. मामांनी फाइल उघडली आणि तुकडा भोकावर ठेवला. पाण्याने कागद किंचित ताणला होता, म्हणून तळहाताने हळूहळू दाबत नेला. नवख्या हाताने कात्री जिथे घसरली होती तिथली वाकडी कड वाकड्या कडेला भिडली. अर्ध्यात कापलेली अक्षरं एकमेकांना जाऊन मिळाली.

वकिलांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. “कापलं कोणी हे?”

ती मुलगी मामांकडे बघत होती. खालच्या मजल्यावरच्या छपाईयंत्राची घरघर मामांना पायांत जाणवत होती.

“मी,” ते म्हणाले. “फोटोतला पहिला माणूस माझा बाप. हा तुकडा काल संध्याकाळपर्यंत माझ्या घरच्या भिंतीवर होता.”

नोटीस मागे घेतली जाईल, असं जाताना वकील पुटपुटले. संपादकांनी तो तुकडा पाकिटात घालून पाकीट सील केलं. वसाहतीचं काय ते ठरेपर्यंत ते कार्यालयाबाहेर जाणार नाही, म्हणाले. मामांनी एका दिवसासाठी तरी मागितलं, तर त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग त्यांनी मामांसमोर हात पुढे केला. मामांना क्षणभर वाटलं, हस्तांदोलन करतायत. संपादकांना संग्रहखोलीची किल्ली हवी होती.

घराच्या वाटेवर एका दुकानातल्या टीव्हीवर मंत्री बोलत होते. ‘त्या वेळची परिस्थिती वेगळी होती,’ असं त्यांनी शांतपणे सांगितलं. आवाजात लाज नव्हती, घाईसुद्धा नव्हती. मामा तिथे उभे राहून दात खात ऐकत राहिले, आणि मग जवळजवळ धावतच घरी गेले.

आई भिंतीवरच्या कोऱ्या चौकोनाकडे तोंड करून बसली होती.

“आणलास?”

“आई, त्याचं काय झालं, परिस्थितीच अशी आली की...” मामा म्हणाले, आणि स्वतःचाच आवाज ऐकून थांबले.

“मग कधी आणतोस?”

या प्रश्नाला लोक काय काय उत्तरं देतात ती मामांना तोंडपाठ होती. लवकरच. योग्य वेळी. प्रयत्न चालू आहेत. त्यातलं एकही त्यांच्या जिभेवर येईना.

“माहीत नाही,” ते म्हणाले.

आईने कान चिकटलेला पुठ्ठा त्यांच्या रिकाम्या हातांत दिला.