थोरल्या फिटरचं स्टूल

कपडे धुण्याच्या मोठ्या कारखान्यात बॉयलर सांभाळणाऱ्या माणसाला सगळे वाफकाका म्हणत. देवाधर्माशी त्यांचा छत्तीसचा आकडा. बायकोनं हात जोडायला सांगितले की म्हणायचे, "माझे हात काळे, तुझ्या देवाला डाग पडेल!"

पण त्यांच्याच बॉयलरघरात रोज सकाळी एक प्रकार चाले बरं का! भट्टी पेटवण्याआधी पाळीवरची सगळी माणसं थंड बॉयलरला तळवा लावून गप्प उभी राहत. शेजारी एक लाकडी स्टूल होतं, एक पाय आखूड, खाली पत्र्याचा तुकडा. थोरला फिटर त्यावर बसायचा. एकदा बॉयलरची झडप उडून उकळती वाफ सुटली, तेव्हा बाकीच्यांना बाहेर ढकलून तो आतच राहिला नि गेला. तेव्हापासून त्या स्टुलावर कुणी बसलं नाही, साधी पिशवीसुद्धा टेकवली नाही. असं ठरवलं कुणी? कुणीच नाही.

आणि एक दिवस नव्या साहेबांना बुटाची नाडी बांधायची होती. बसले की त्यावरच! यंत्रांना तेल घालणारा तेलवाला असा ओरडला, की साहेब ताडकन उठले.

"विंचू आहे का रे?"

"विंचू नाही, पण उठा आधी!"

झालं! स्टुलाची आणि रोजच्या तळवे लावण्याची हकीकत ऐकून साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कामाच्या जागी धर्माचं काही चालणार नाही, असा कारखान्याचा नियम. "हा धर्म आहे की नाही, उद्या सांगा," त्यांनी काकांना बजावलं. "असेल तर सगळं बंद."

काकांची पोरगी समाजशास्त्र शिकत होती. जेवताना काकांनी विषय काढला.

"बाबा, धर्म कशाला म्हणायचं यावरच अभ्यासकांची भांडणं आहेत. काही म्हणतात, पलीकडचं काही मानलं तरच धर्म. कुणी एक देव मानतं, कुणी अनेक, कुणी झाडादगडांत जीव मानतं."

"मग आम्ही त्यात नाही. गेला तो गेला."

"थांबा हो. दुसरे म्हणतात, काय मानता ते सोडा, त्यानं काय होतं ते बघा. एखादी वस्तू वेगळी काढायची, तिला कुणी शिवायचं नाही, आणि तिच्याभोवती माणसं एक होतात. तोच धर्म."

काकांचा घास हातातच राहिला. "म्हणजे आम्ही पक्के धार्मिक की गं!"

"त्या व्याख्येनं, हो. पण तुम्हाला काय वाटतं?"

"मला स्टूल राहायला हवंय. पहिलीच व्याख्या बरी."

सकाळी सगळ्यांदेखत काका म्हणाले, "साहेब, आम्ही देव मानत नाही, आत्मा मानत नाही. हा धर्म नाही."

"मग आहे काय?"

काकांनी स्टुलाकडे पाहिलं. मेलेल्या सोबत्याचं नाव घ्यावं, तर पुन्हा धर्मच ठरायचा.

"काही नाही साहेब. नुसतं स्टूल आहे."

"छान! हजेरीच्या टेबलापाशी बसायला काही नाही. पाठवून द्या तिकडे."

कुणी जागचं हललं नाही. शेवटी काकांनीच ते उचललं आणि नेऊन ठेवलं. त्यांच्या पाठीवर सगळ्यांचे डोळे होते.

दुसऱ्या दिवशी काकांनी बॉयलरला तळवा लावला आणि वळून पाहिलं. माणसं दाराशीच उभी, हात खिशात.

"या की रे," काका म्हणाले.

"कशाला काका?" तेलवाला म्हणाला. "नुसता बॉयलर तर आहे."

काकांनी तळवा काढला आणि भट्टी पेटवली.