बैल थांबवता येणारी भाषा

घरातली पोरं मोबाइलवर खेळत बसली की मी सांगायला लागतो, "मीही एकदा खेळ बनवला होता." तेवढ्यात कोणाला तरी तहान लागते, कोणाला अभ्यास आठवतो, आणि ओटा रिकामा होतो. म्हणून आता लिहून काढतो. कागदाला तहान लागत नाही.

कापसाचं कोणतंच गणित जमत नव्हतं त्या वर्षांतली ही गोष्ट. दर हंगामाला कृषी केंद्रात नव्या चित्राची बियाण्याची पाकिटं लटकायची आणि जुन्या चित्रावर विश्वास ठेवणाऱ्याला लोक हसायचे. आमचं गाव दारव्ह्याजवळ. मी बी.एस्सी. होऊन घरी बसलो होतो. बाहेर कोणी विचारलं की आई सांगायची, "शिकून राह्यला अजून." काय शिकून राह्यला, हे तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही.

अशात एका उन्हाळ्यात नागपूरच्या आतेभावानं नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना आमच्याकडे आणून टाकला. "पोळ्याले येईन तवा नेईन. तोवर कर तुले काय करायचं ते," असं म्हणून तो गेला.

त्याच उन्हाळ्यात मोठ्या बाबांनी, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावानं, बैलजोडी विकली. त्यांचे गुडघे धरले होते आणि वखरणीला भाड्याचा ट्रॅक्टर मिळू लागला होता. एक पांढरा, एक तांबडा. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, पळलेली जोडी होती ती. विकून आले त्या दिवशी जेवायला बसल्यावर मोठे बाबा म्हणाले, "पोळ्याले मी घरी नाही राहत. पोरीकडं मुकुटबनले जातो."

मोठी आई वाढता वाढता थांबली. पोळ्याच्या दिवशी हा माणूस गावात नाही, असं तिनं लग्न झाल्यापासून पाहिलं नव्हतं. नंतर भांडी घासताना मला म्हणाली, "तू येवढा शिकला म्हनतेत. त्यायले थांबवाचं काही कर ना बापू."

मला तेवढंच पुरलं. "मी त्यांची जोडी कॉम्प्युटरवर पळवून दाखवतो," मी बोलून गेलो. "मग जातात का पाहू!"

कॉम्प्युटरवर बैल पळवायचा तर त्याच्या भाषेत सांगावं लागतं, इतकं मला माहीत होतं. त्याच्या भाषा पुष्कळ आहेत, हेही ऐकून होतो. पहिली कोणती धरावी, इथे गाडी अडली. आमच्या घरचा नियम असा, की बियाणं घ्यायच्या आधी तीन धुऱ्यांवर, म्हणजे शेजारच्या तीन बांधांवर, विचारायचं. मीही तसंच केलं.

दारव्ह्याच्या कॉम्प्युटर क्लासचे सर म्हणाले, "सी घे. बाकीच्या भाषा तिच्यातूनच निघाल्या. पाया पक्का पाहिजे."

आतेभाऊ फोनवर म्हणाला, "जावा शिक बे. नोकऱ्या जावात हायेत. बैल कायले पळवतं?"

स्टँडजवळ फोटो स्टुडिओ चालवणारे एक भाई होते. लग्नाच्या व्हिडिओत वधूवरांभोवती उडणारी बदामं तेच टाकायचे. ते म्हणाले, "बेसिक ले लो मियाँ. दो लाइन लिखो, डब्बा हिलने लगता है. हिला तो मन लगता है, मन लगा तो आदमी सीखता है." मी हे सरांना सांगितलं. सर म्हणाले, "बेसिक शाळेतल्या लेकरांसाठी असते." मी बी.एस्सी. असल्यामुळे हे मला लागलं.

शेवटी वडिलांना विचारलं. ते म्हणाले, "तिघं तीन सांगून राह्यले तं तिन्ही पेर. एक गेलं तं दुसरं हाय."

आमच्याकडे एका शेतात एकच वाण कोणी लावत नाही. चार ओळी याच्या, चार त्याच्या, मधे तूर. मला हे फार शहाणपणाचं वाटलं. एक दिवस सी, एक दिवस जावा, एक दिवस बेसिक, असा पेरा मी सुरू केला.

खरं सांगतो, ते दिवस मजेचे होते. 'बैल एक पाऊल पुढे जाऊ दे' एवढंच तिन्ही भाषांत सांगायचं, पण तिघींचे स्वभाव किती वेगळे! सी भांडखोर. ओळीच्या शेवटी एक अर्धविराम विसरलो की तिसऱ्याच ओळीवर ओरडायची. जावा मानापानाची. बैल हलवण्याआधी बैल म्हणजे काय, तो कोणाचा, त्याला कोण हात लावू शकतो, हे सगळं तिला आधी लिहून पाहिजे. शिवाय त्या जुन्या डब्यावर ती सुरू होईस्तोवर माझा चहा पिऊन व्हायचा. बेसिक भोळी. चौकोन काढ म्हटलं, काढला. तांबड्या रंगानं भर म्हटलं, भरला. मला वाटायचं, इतकं सोपं असेल तर ते खरं शिकणं नसेलच.

पोळा जवळ आला तेव्हा शेत असं उभं होतं: पटाची धाव सीमध्ये, बैल सी आणि बेसिक अशा दोन ठिकाणी, आणि जावात नुसतं खेळाचं नाव, तेही तिरकं.

"आता एकत्र कर," वडील म्हणाले.

"एकत्र होत नाही. तिन्ही भाषा वेगळ्या हायेत."

"मंग तीन पेरल्या कायले?" ते म्हणाले, आणि निघून गेले. सल्ला कोणाचा होता, हे सांगायला मी त्यांच्यामागे दारापर्यंत गेलो होतो.

त्याच दुपारी मोठे बाबा स्वतःहून आले. "मोठी आई म्हने, माही जोडी हाय तुह्याकडं. दाखव." माझी सीमधली जोडी जरा पळायच्या लायकीची होती. ती सुरू केली. दोन चौकोन, एक पांढरा, एक तांबडा, खालून वर निघाले. मोठे बाबा पुढे वाकले. "हां... हां... हाऽऽ!" जोडीनं रेघ ओलांडली, पडद्याच्या वर गेली आणि दिसेनाशी झाली.

"थांबव," मोठे बाबा म्हणाले.

मी बटणं दाबली. सगळी दाबली. डबा गप्प. थांबायचं कुठे, हे मी लिहिलंच नव्हतं.

"थांबव ना लेका! लोकायच्या अंगावर जातीन!"

"थांबत नाही. बंद करून चालू करा लागते."

ते उठले. "न थांबणारा बैल मी दावणीले बांधला नसता," म्हणाले आणि आपल्या खोलीत गेले. थोड्या वेळानं मोठ्या आईनं सांगितलं, पिशवी भरून राह्यले.

मी तिथंच बसून राहिलो. कोणती भाषा पक्की, कोणतीत नोकरी, कोणती सोपी, हे मी गावभर विचारलं होतं. चुकलो की ती कशी थांबते, हे एकालाही विचारलं नव्हतं. मग गंमत म्हणून तीच चूक तिन्हींत मुद्दाम करून पाहिली. सी पुन्हा मेल्यासारखी पडली. जावा अजून उठत होती. बेसिकमध्ये दोन बटणं एकदम दाबली, तर ती जागच्या जागी थांबली आणि ज्या ओळीवर होती ती ओळच उजळवून दाखवली. काटा रुतलेला बैल पाय उचलून उभा राहतो ना, तशी.

सी आणि जावा, या दोन ओळी मी त्या दिवशी उपटल्या आणि पटाची धाव बेसिकमध्ये नव्यानं लिहिली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळायची आणि त्यांना जेवणाचं आमंत्रण द्यायचं. त्या सकाळी मोठे बाबा पिशवी घेऊन ओट्यावर जीपची वाट पाहत होते. ती जीप चुकली तर मुकुटबन त्या दिवशी गाठणं होत नसे.

"जीप येईस्तोवर पाहून घ्या," मी म्हटलं.

ते आत आले, पिशवी मांडीवर घेऊनच बसले. जोडी सुटली, रेघ ओलांडली, त्यांनी मी दाखवलेलं बटण दाबलं. जोडी थांबली. त्यांनी ती पुन्हा पळवली. मग म्हणाले, "तांबडा उजवीकडं काहून जुपला? तो उजवीकडून पांढऱ्याले ढकलते."

दोन बटणं दाबून मी खेळ अडवला, ओळ बदलली, तांबडा डावीकडे आला.

"येवढ्यात होते?"

"होते."

"मंग पांढऱ्याले जरासा लांब कर."

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. "थांब म्हना त्याले!" मोठे बाबा पडद्यावरची नजर न काढता ओरडले. "काका, सवारी भरली हाय!" बाहेरून उत्तर आलं, आणखी दोन हॉर्न झाले, आणि आवाज दूर गेला. त्यांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली, कारण बटण दाबायला अडचण होत होती.

मोठी आई तूप-हळदीची वाटी घेऊन आली. चाळीशी तिच्याजवळ नव्हती. "कोनता कोनता?" विचारून तिनं काचेवर दोन चौकोनांना तूप-हळदीचं एकेक बोट लावलं.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," ती म्हणाली. हे बैलांना म्हणायचं असतं. ती पाहत होती मोठ्या बाबांकडे.

"पुरन जरा जास्त घाल," मोठे बाबा म्हणाले. "अन् हे काच पुसू नोको. आता कुठं तांबडा बरोबर चालून राह्यला."