माकडाच्या खेळाचा शेवट

मी, किसन सखाराम लोंढे, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, पूर्वीचा धंदा सायकल दुरुस्ती, राहणार बेलापूर, तालुका श्रीरामपूर, जिल्हा अहिल्यानगर, लिहितो की खालील प्रसंग माझ्यासमक्ष घडलेला असून खरा आहे. टायपिंग नातीने केले आहे... शब्द माझे आहेत.

गेल्या महिन्यात मी सावेडीला माझी पुतणी रेखा हिच्या फ्लॅटवर मुक्कामी होतो. तिचे वडील, म्हणजे माझा धाकटा भाऊ जगन्नाथ, तेथे अंथरुणावर होता. डॉक्टरांनी त्याला घरी न्यायला सांगितले होते... त्याचा अर्थ सर्वांना कळला होता, त्यालाही.

जगन्नाथने तरुणपणी बेलापूरच्या बाजारात, माझ्या दुकानाला लागून, व्हिडिओ गेमचे एक मशीन ठेवले होते. एक माणूस शिड्या चढत वर जातो, वरून एक दांडगे माकड त्याच्यावर पिंपे लोटते आणि सर्वांत वर एक बाई अडकलेली असते, असा तो गेम. त्याचे इंग्रजी नाव कोणी घेत नसे... सगळे माकडाचा खेळ म्हणत.

त्या मशीनपायी त्याला फार बोल लागले. पोरे बिघडवतो, असे लोक तोंडावर म्हणत. मशीन भंगारात गेल्यानंतरही लग्नकार्यात त्याची ओळख ‘माकडवाला’ अशीच करून दिली जाई. तो हसून सोडून देई... मला ते सहन होत नसे.

सावेडीला माझी नात प्रणाली सोबत होती. तिने सांगितले की अशा जुन्या गेमचीही समीक्षा होते. मला वाटत होते, समीक्षा पुस्तकांची आणि नाटकांची होते. मी तिला म्हटले, जे काही छापून आले असेल ते मोबाईलवर काढ आणि जगन्नाथसमोर मराठीत वाच. जाण्यापूर्वी त्याच्या कानांवर या मशीनबद्दल एक तरी चांगला शब्द पडावा, एवढीच माझी इच्छा होती.

तिने वाचले. उडी मारून अडथळा चुकवण्याची कल्पना या खेळाने रुजवली, असे एकाने लिहिले होते. इतक्या थोड्या चित्रांत पूर्ण गोष्ट सांगितली, म्हणून दुसऱ्याने वाखाणणी केली होती. एकाची मात्र तक्रार होती की खेळ आखूड आहे आणि फार अवघड आहे.

“आवघड?” जगन्नाथ उशीवरूनच म्हणाला. “त्याला म्हनाव, बेलापूरला यायचं हुतंस. शेंबडी पोरं खेळायची.”

“बाबा, तुम्ही स्वतः किती वेळा मरायचात, ते सांगा ना,” रेखा म्हणाली.

“मालकानं मरायचंच आस्तं. गिऱ्हाइकाला बरं वाटतं.”

सगळे हसले. मी त्याचा चेहरा पाहत होतो. “ऐकलेस ना जगन्नाथ? केवढे मोठे लोक लिहितात,” मी म्हटले.

“आयकलं की दादा. चांगलं लिवलंय.” शेजारच्या घरची सोयरीक जमल्याचे कळावे, तसे तो म्हणाला... मला हवे होते ते समाधान काही दिसले नाही.

एवढ्यात प्रणाली थांबली. “पुढे याने शेवट लिहिलाय, तो नको वाचायला. शेवट आधी सांगितला की लोक चिडतात, स्पॉयलर म्हणतात.”

“कसला शेवट?” जगन्नाथने विचारले.

आमचे मशीन नकली बनावटीचे होते. शेवटच्या मजल्याच्या अलीकडे पडद्यावरचे चित्र थिजत असे आणि बटण बंद करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. खेळ तेवढाच आहे, असे आम्ही सारे समजून होतो.

प्रणालीने वाचले... शेवटी माकड खाली कोसळते आणि तो माणूस व ती बाई एकमेकांना भेटतात.

जगन्नाथने मान तिच्याकडे वळवली. मग म्हणाला, “म्हंजी भेटत्यात व्हय ती दोघं?”

तिने व्हिडिओ शोधून त्याच्या डोळ्यांसमोर धरला. त्याने तो पाहिला आणि बोटाने खूण करून पुन्हा लावायला सांगितला.

“दुकान बंद करून घरी गेलो की सुमन रोज इचारायची, उतरली का तुमची बाई? मी म्हनायचो, आज न्हाई, उद्या.”

सुमन ही त्याची पत्नी. रेखा रांगत होती, तेव्हा ती वारली. भिंतीला भिंत लागून घर असूनही त्या दोघांचे हे बोलणे मला कधी ठाऊक झाले नाही... रेखालाही नव्हते.

“आता तिनं इचारलं तर सांगाया यील,” तो म्हणाला.

रेखा उठून आत गेली. मी त्याच्या पायांवरचे पांघरूण सारखे केले.

त्याच आठवड्यात जगन्नाथ गेला.

ज्या समीक्षकाने शेवट लिहून टाकला, त्याचे नाव मला वाचता आले नाही, देशही ठाऊक नाही. प्रणाली सांगते, त्याच्या लेखाखाली लोकांनी त्याला फार सुनावले आहे. त्या गृहस्थांचे मी हात जोडून आभार मानतो. माझे मराठी त्यांच्यापर्यंत पोहोचणार नाही... तरी मानतो.

सदर प्रसंगी साक्षीदार म्हणून हजर: पुतणी सौ. रेखा, नात कु. प्रणाली, आणि माझा भाऊ जगन्नाथ सखाराम लोंढे, जो त्या वेळी पूर्ण शुद्धीवर होता.