खिंडीचा मोसम

डोंगरात चालायला कधी यावं, हे कालिबेकला विचारायला परदेशातून फोन येत. नारिन नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या वस्तीत रेंज मिळे फक्त गोठ्याच्या छपरावर, त्यामुळे फोन तिथेच ठेवलेला असे आणि वाजला की तो शिडी चढून, टोपी सावरून, आभाळाच्या शेजारी बसल्यासारखा सल्ला देई. "मेमध्ये नको. बर्फ कुजलेलं असतं, माणूस कमरेपर्यंत आत जातो. जूनमध्ये नद्या माजतात. जुलैत डास. ऑगस्ट सरता सरता या, तेव्हा पाणीही उतरतं आणि आभाळही शहाण्यासारखं वागतं." माणसं बरोब्बर तेव्हाच येत आणि घराएवढी बोचकी पाठीवर घेऊन त्याच्या मागून खिंड चढत.

खाली अंगणात त्याची बायको बुरुल घोडीचं दूध काढताना हे ऐकत असे. तिचं माहेर खिंडीच्या पलीकडे. नदीवरचा पूल वाहून गेल्यापासून तिकडे गाडी जात नव्हती; पाठीवर शिधा बांधायचा आणि मुक्काम करत करत चालायचं, एवढाच रस्ता. आईची नजर चालली होती. आपला चेहरा तिला दिसतोय तोवर एकदा जाऊन यावं, एवढंच बुरुलचं मागणं.

"अहो," ती म्हणायची. नवऱ्याचं नाव तिकडेही घेत नाहीत. "मग आपण कधी जायचं?"

"ऑगस्ट सरताना."

"तेव्हा तुमचे पाहुणे."

"मग सप्टेंबरात."

"तेव्हा बटाटे कोण काढणार?"

"बघू की. डोंगर काय पळून जातोय?"

"डोंगर नाही हो पळत."

एका वर्षी ती म्हणाली, मेमध्येच निघू, कोकरं जरा उभी राहिली की. कालिबेक मनापासून हसला. "जग मला विचारून पाऊल टाकतं, आणि तू मला मोसम शिकवणार?" ही गंमत त्याने शेजारीपाजारीही सांगितली. लोक हसले. बुरुलही सगळ्यांना चहा ओतत हसली. पाहुण्यांसमोर दुसरं काय करणार?

पुढच्या एप्रिलात फोन वाजला. कालिबेक छपरावर चढला आणि कोण बोलतंय हे न ऐकताच सवयीने म्हणाला, "मेमध्ये नको."

पलीकडे बुरुलचा भाऊ होता. आईला पुरून झालं होतं. चाळिसाव्या दिवसाचं कार्य मेमध्ये येत होतं.

चाळिसाव्याला लेक-जावयाने गेलंच पाहिजे. मोसमाची सबब तिथे चालत नाही. दोघं निघाली. बर्फ कुजलेलंच होतं. पहाटे ते कडक असताना चालायचं, ऊन चढलं की खडकाच्या आडोशाला बसायचं, पुन्हा पहाटेची वाट बघायची. दोनदा कालिबेक कमरेपर्यंत आत गेला, दोन्ही वेळा बुरुलने काठी पुढे करून त्याला ओढून काढलं. खिंड पार झाली. वाटेत ती एका शब्दाने काही बोलली नाही. त्याला बरं वाटलं, हिने राग गिळला म्हणायचा.

माहेरचा तंबू दिसल्यावर कालिबेक रीतीप्रमाणे दुरूनच गळा काढून रडत गेला आणि दाराबाहेर काठीवर वाकलेल्या पुरुषांच्या रांगेत उभा राहिला. बुरुल आत गेली, बायकांत भिंतीकडे तोंड करून बसली आणि शोकगीत सुरू केलं. त्या गाण्यात लेकीने काहीही म्हणावं. त्याला कुणी उत्तर द्यायचं नसतं, रागवायचं तर मुळीच नसतं.

"आई गं," ती गात होती, "चिखलाच्या महिन्यात आले, कुजक्या बर्फातून आले. डोळे होते तेव्हा रस्ता नव्हता म्हणे. आई गं, रस्ता होता. दरसाल होता. परके त्यावरून हसत गेले, आणि मी त्यांच्या वाटेची भाकरी भाजत होते."

रांगेतल्या कुणीही मान वर केली नाही. ती गातच राहिली.

दुपारी मांस वाढताना एका म्हाताऱ्याने कालिबेकला मायेने विचारलं, "जावईबापू, या दिवसांत खिंड ओलांडता येते होय? आम्ही तर तुमचंच ऐकून कुणी पाय टाकत नव्हतो."

कालिबेकने घास खाली ठेवला.

"येते," तो म्हणाला.