पेलागियाची काठवट

पेलागिया कुणाला काही उसनं देत नसे, आणि काठवट तर नाहीच नाही. पोलंडातल्या आमच्या पोडलाशात पिठाच्या त्या लाकडी काठवटीला जेझा म्हणतात. ती कधी धुवायची नाही, नुसती खरवडायची. कडेला चिकटलेल्या पिठातच पुढच्या पावाचं आंबवण जगतं. आमच्याकडचं शेंबडं पोरही हे जाणतं. पण लोज शहरातून आलेल्या तिच्या नव्या सुनेला, बोगुमिलाला, ते सांगणार कोण?

गुरुवारी वॉर्साहून शब्द गोळा करणाऱ्या लुडविकाबाई आल्या. रविवारी पेलागियाच्या लेकीचं लग्न. मी शेजारीण, भोचकपणे आधीच जाऊन बसले होते.

"हा शब्द फार जुना," बाई सांगू लागल्या. "सगळे स्लाव्ह लोक एकच भाषा बोलायचे, तेव्हा तो 'देझा' असावा. लिहिलेला कुठेच नाही, आजच्या भाषांवरून आम्ही जुळवून काढलाय. मूळ अर्थ मळणं. भारतातला 'देह' त्याच मुळाचा."

"देह म्हणजे काय?"

"अंग."

"मग बरोबरच आहे. जिवंत असते ती," म्हणत पेलागियानं वरचं कापड उचललं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. काठवट लख्ख होती. साबणाचा वास येत होता.

"पाहुण्या येणार म्हणून मीच घासली, आई," बोगुमिला म्हणाली. "किती घाण झाली होती!"

लग्नाचा पाव नवरीच्या घरच्याच आंबवणावर फुगावा लागतो. नाहीतर वऱ्हाडी त्याला शिवत नाहीत. मी म्हटलं, "माझं आंबवण घे गं."

"परक्याच्या आंबवणावर लेक सासरी धाडू?" पेलागिया माझ्यावरच खेकसली. मग सुनेकडे वळली. "काठवटीचं झाकण कुठंय? तेही घासलंस?"

बोगुमिलाला रडू फुटलं. "नाही. त्याचं पीठ निघेचना. बाईंना दिसू नये म्हणून सरपणामागं लपवलं."

पेलागिया म्हातारी, पण अशी धावली! झाकणाच्या आतलं वाळकं पीठ तिनं सुरीनं खरवडलं, कोमट पाण्यात भिजवलं, वर राय धान्याचं पीठ घातलं.

शुक्रवारभर काही हललं नाही. बोगुमिला जेवली नाही. मीही उपाशीच राहिले, तोंडानं मात्र मी तिला टोमणेच मारत होते.

शनिवारी सकाळी पिठानं कापड वर उचललं होतं. पेलागियानं सुनेच्या बाह्या वर सारल्या आणि तिचे दोन्ही हात काठवटीतल्या पिठात खुपसले.

"मळ," ती म्हणाली. "आता ही तुझी."