ब्रह्महृदयाची बातमी

विश्रामबागच्या कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकवत होते. एका दुपारी ग्रंथालयात परदेशी नियतकालिक चाळताना वाचलं, की ब्रह्महृदय या ताऱ्याकडून क्ष-किरण येतात. मजकूर पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला आणि पुढचा तास घ्यायला गेले.

ब्रह्महृदय म्हणजे एकमेकांभोवती फिरणारे दोन राक्षसी तारे. तारा म्हातारा होऊन फुगला की त्याचं स्वतःभोवती फिरणं मंदावतं, चुंबकीय खळबळ निवते, असं मी धरून चालले होते. इथं तर लाखो अंश तापलेला वायू होता, आणि त्यामागे चुंबकीय क्षेत्रच असावं असा तर्क. हे किरण हवेत अडतात. ते टिपणारी, वायू भरलेली नळी रॉकेटनं वर पाठवावी लागते.

तसल्याच नळ्या तपासायचं काम मला पूर्वी मुंबईत मिळालं होतं. ट्रंक भरून तयार होती, अगदी स्टोच्या पिनांसकट. तेवढ्यात कडेगावला आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, पाय मोडला. भाऊ सैन्यात, त्याला रजा मिळेना, आणि उसाला तोड आली. "तोड उरकली की जा," आबा म्हणाले. मी ऊसतोड्यांच्या टोळीमागे उभी राहिले, गाड्या भरून कारखान्याला लावल्या. काम चोख झालं. मुंबईनं मात्र रुजू व्हायची मुदत वाढवून दिली नाही.

बातमी वाचली त्या रविवारी कडेगावला गेले आणि आबांना सांगितलं.

"एक्स-रे म्हंजे माझ्या पायाचा साताऱ्याला काढला तसला?"

"तसलाच. पण ताऱ्यातनंच येतोय."

"मग ताऱ्याचं काय मोडलंय?" ते हसले, मीही हसले. "तू गेली असतीस तर तुलाच गावलं असतं की गं!"

"न्हाई आबा. ते रॉकेट परदेशातलं. पण मी त्या कामात असते. आज तसली नळी माझ्या हातात असती."

आबांनी पाय हातानं उचलून सरळ केला. मग म्हणाले, "मी तवाच म्हनलो हुतो, ऊसबिस ऱ्हाऊ दे, तू जा. तूच लय हट्टी."

ते मनापासून बोलत होते. त्यांना आता तसंच आठवत होतं. तो पाय अजूनही टेकताना दुखायचा.

"व्हय," मी म्हणाले, "म्हनला हुतासा."